पत्र्याची रांगोळी

आमच्या अण्णानं आयुष्यात जेवढे सिमेंटचे पत्रे बसवले तेवढे एकापुढं एक अंथरले असते, तर माणूस आळंदहून गुलबर्ग्याला पायाला माती न लावता गेला असता आणि येताना दुसऱ्या वाटेनं आला असता. हे मी तीस वर्षं सांगतोय. ऐकणारे हसतात आणि अर्धं कापून घेतात. माझ्या बोलण्यातलं अर्धं कापायची आळंदमध्ये रीतच पडली आहे. मी पावशेर मागितलं की भाजीवालीसुद्धा आतपाव तोलते. वाचणाऱ्यांनीही खुशाल कापावं. फक्त रांगोळीचं जे सांगणार आहे, त्यातलं काही कापू नये. ते आहे तेवढंच आहे.

अण्णा माझा थोरला भाऊ. धंदा पत्रे बसवायचा. पत्र्याच्या जाती दोन. एक लोखंडी, उन्हात तापणारा आणि पावसात बोंबलणारा. दुसरा सिमेंटचा, करडा, नागमोडी आणि मुका. लोक मातीची माळवदं पाडून हौसेनं हा मुका पत्रा घालत होते तो काळ. त्या सिमेंटमध्ये ॲस्बेस्टॉस नावाचा दगडाचा धागा असतो आणि तो छातीत गेला की परत निघत नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी त्याचीही एक गोष्ट रचली असती.

अण्णा अंगणातच आरीनं पत्रे कापायचा. धूळ अशी उडायची की शेजारच्या काळ्या म्हशीला लोक पांढरी समजून तिचं दूध वेगळं मागायचे. अण्णाच्या भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या. न्हाणीत शिरताना म्हातारा आणि बाहेर येताना नवरदेव. नवरदेवच होता तो. वैनी नुकतीच मादन हिप्परग्याहून सासरी आली होती. ती कन्नडमध्ये रागवायची आणि मराठीत माया करायची. अण्णाचे कपडे रोज संध्याकाळी अंगणात झटकायची, मग भिजवायची. आधी झटकायची, मग भिजवायची. हा क्रम उलटा असता तर, असं आता वाटतं. पण कपडे आधी झटकावेत हेच तिला तिच्या आईनं शिकवलं होतं.

पाडवा तोंडावर आला आणि घरातली रांगोळी संपली. दगडाची रांगोळी विकणारी बाई आठवडाभर फिरकली नव्हती. वैनी सडा घालून, रिकामा डबा हातात धरून उंबऱ्यात उभी. मी कट्ट्यावर बसलो होतो. आरीखाली पडलेला ढीग मला दिसला आणि माझी जीभ सुटली.

"वैनी, ही बघा की विलायती रांगोळी! हैदराबादला नवाबाच्या वाड्यात हीच घालतात. पायानं पुसली तरी पुसत न्हाई."

ती ढिगाकडं बघत राहिली. "भावजी, खरं सांगायलाव का?"

"खोटं असंल तर जीभ झडंल माझी."

जीभ झडली नाही. अजून आहे.

वैनीनं ती भुकटी जुन्या धोतराच्या फडक्यातून वस्त्रगाळ केली, चिमटीत धरली आणि शहाबादी फरशीच्या उंबऱ्यावर रेघ ओढली. रेघ काय आली म्हणता! केसासारखी, कुठंही न तुटता. शेजारणी बघायला आल्या. थोडी द्या म्हणाल्या. "न्हाई," वैनी म्हणाली, "ही माझ्या घरधन्याच्या आरीची हाय." तिनं चिमूटभरही कुणाला दिली नाही. गल्लीत मी किती उपकार केले याची यादी केली तर त्यात एवढं एकच निघेल, आणि तेही माझं नाही, वैनीच्या गर्वाचं.

बारा वर्षं ती रोज सकाळी उकिडवी बसून, तोंड जमिनीशी नेऊन, त्या भुकटीनं उंबरा सजवत होती. आदल्या दिवशीची कोरडीच झाडायची आणि नवी घालायची. पुढं लोखंडी रंगीत पत्रे आले, अण्णाची आरी गंजली, तेव्हा उरलेली भुकटी तिनं तुपाच्या रिकाम्या डब्यात भरून फडताळात ठेवली. सणासुदीला म्हणून.

दोन वर्षांमागं तिला अंगणातल्या तीन पायऱ्या चढताना मध्ये थांबावं लागायला लागलं. मग खोकला, कोरडा. गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरला.

"कापूस पिंजायचं काम करत होता का, अक्का?"

"न्हाई."

"खाणीत? दगडाच्या मशीनवर?"

"मी पत्रे कापायचो साहेब," अण्णा म्हणाला, "शिमिटाचे. पर मला खोकला न्हाई, हिला हाय. मी तर अजून दोन भाकरी जास्त खातो."

"यांचे कपडे कोण धूत होतं?"

अण्णानं वैनीकडं बघितलं. वैनीनं माझ्याकडं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. त्या महिन्याच्या एकादश्या मला अजून पाठ आहेत.

डॉक्टर म्हणाले, आत अडकलेली धूळ निघत नाही. औषधानं दम थोडा सुसह्य होईल, एवढंच. घराचं छप्पर कसलं, असंही विचारलं. "तेच, माझ्या हातचं!" अण्णा सवयीनं छाती काढून म्हणाला आणि मग त्याची छाती हळूहळू आत गेली. अख्खा पत्रा गप बसतो, डॉक्टरांनी सांगितलं. फुटलेला, झिजलेला पत्रा धूळ सोडतो. आमच्या पत्र्यावर वानरांनी वीस वर्षं उड्या मारल्या होत्या. तीन ठिकाणी चिरा होत्या आणि कडा नखानं खरवडल्या तर पीठ पडायचं.

वैनीला या सगळ्याचं काही वाटलं नाही. तिला एकच गोष्ट हवी होती. तिची एकुलती एक लेक, माझी पुतणी, पुण्यात असते आणि तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी. वैनीनं डिंक आणून ठेवला, अळीव आणला, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली. दोन टाके घालायची, थांबायची, दम घ्यायची, पुन्हा दोन टाके. "भावजी," मला म्हणायची, "मला हिकडं-तिकडं नका नेऊ. लेकीचं बाळ माझ्या घरात माझ्या हातावर येऊ द्या, मग डॉक्टर काय म्हनंल ते म्हनंल."

पुतणी बांधकामाच्या एका कंपनीत मजुरांच्या सुरक्षेचं बघते. आईच्या छातीचा फोटो तिनं वाचला आणि फोनवर एवढंच म्हणाली, "त्या पत्र्याखाली मी बाळ आणणार न्हाई. आधी पत्रे काढा. नीट काढा. मग मी येते."

"नीट म्हंजे?" अण्णा म्हणाला. "चार गडी, दोन हातोडे, सकाळी सुरू केलं की जेवायच्या टायमाला आभाळ दिसंल."

"बाबा, तुम्ही बाजूला व्हा. काकाला द्या."

मग आठ दिवस तिचा फोन ज्वारीच्या कणगीला टेकवून आम्ही शाळा शिकलो. फोडायचं नाही. कापायचं नाही. घासायचं नाही. केरसुणी तर घरात दिसली नाही पाहिजे.

"मग काय त्याला ओवाळायचं?" मी म्हणालो.

"भिजवायचं, काका. ओली धूळ उडत न्हाई."

आता आमच्याकडं नळाला पाणी आठ दिवसांनी येतं, तेही पाव्हण्यासारखं: आलो आलो म्हणत निघून जातं. ते पाणी छपरावर ओतायचं! त्यात एका कचेरीत जाऊन मी विचारून आलो, की काढलेला घातक पत्रा टाकायचा कुठं. तिथला बाबू म्हणाला, "पत्रा कुठं घातक असतोय का?" मी वर बोट केलं. त्याच्याही डोक्यावर तोच होता. आम्ही दोघं बराच वेळ वर बघत बसलो. शेवटी पुतणीनंच कारखान्यांचा विषारी कचरा पुरायच्या जागेची परवानगी काढली आणि तिथवर न्यायला झाकलेली गाडी ठरवली.

सगळं शिकवून झाल्यावर तिनं विचारलं, "काका, पत्र्याशिवाय घरात अजून कुठं हे हाय का? तुकडे, भुकटी, काही?"

मी तोंड उघडलं. वैनी खिडकीखाली दुपटं शिवत होती. तिची सुई थांबली.

"छे! कुठं काय!" मी म्हणालो.

सुई पुन्हा सुरू झाली.

पत्रे काढायचा दिवस वारं पडल्यावर धरला. वैनीला मादन हिप्परग्याला बहिणीकडं पोचवलं. घरातलं धान्य, भांडी, अंथरुणं बाहेर काढली; जे निघेना त्यावर जाड प्लास्टिक घालून कडा चिकटवल्या. शेजाऱ्यांना दारं-खिडक्या लावून घ्यायला सांगितलं. पुण्याहून आलेले पांढरे अंगरखे आम्ही डोक्यापासून पायापर्यंत चढवले: मी, अण्णा आणि त्याचे दोन जुने जोडीदार. नाकावर घट्ट बसणारे मास्क. तो मास्क मिशीवर नीट बसत नाही, फटीतून धूळ शिरते, म्हणून अण्णाला मिशी काढावी लागली. वडील वारले तेव्हासुद्धा त्यानं मिशीला हात लावला नव्हता. आरशापुढं उभा राहून तो मला म्हणाला, "हिच्यासाठी काढायलोय. सांगू नको तिला."

आम्ही असे पांढरे होऊन बाहेर पडलो तर गल्लीत "आला रे, परत कोरोना आला!" म्हणून जी पळापळ झाली, तिच्यात एक माणूस थेट उमरग्याला पोचला आणि तिथं पाहुणचार घेऊन तिसऱ्या दिवशी परत आला. (यातलं अर्धं कापा.)

पाणी फवारायला मी तुरीवर फवारतात तो पाठीवरचा पंप आणला; कोराच आणला, औषधाचा नाही. पाण्यात चमचाभर साबण, म्हणजे पाणी पत्र्याला धरून राहतं. धार जोरात मारायची नाही, धुकं पडल्यासारखं पडू द्यायचं. समोरचे म्हातारे अप्पा खिडकीची फट करून बघत होते. त्यांच्यानं राहवेना.

"काय रे, पत्र्याला अळी लागली का?"

"व्हय अप्पा. शेंग पोखरायलीय. खिडकी लावा, न्हाईतर तुमच्या मिशीत शिरंल."

पत्र्यावर पाय द्यायचा नाही. घोडी लावून फळीवर उभं राहायचं, खालून. बोल्ट भिजवायचे, पान्यानं सोडवायचे; गंजून बसलेला असेल तर लांब दांड्याच्या कातरीनं बोल्टच तोडायचा, पत्रा नाही. अख्खा पत्रा दोघांनी तोलून, दोरानं, बाळाला पाळण्यातून उचलावं तसा उतरवायचा. खालच्या प्लास्टिकवर निजवायचा, पुन्हा फवारायचा, दुहेरी गुंडाळून पट्टी मारायची. मी प्रत्येक गाठोड्यावर मराठीत, कन्नडमध्ये आणि उर्दूत "धोका" लिहिलं. माझं उर्दू बघून मौलवीसाहेबांनी नंतर विचारलं की तिथं "शादी" कशाला लिहिलंय.

पत्रे सव्वीस होते. एकविसाव्याचा बोल्ट सुटेना. अण्णाचा हात त्याच्याही नकळत कमरेच्या हातोडीकडं गेला आणि एक घाव बसला. कोपऱ्याची ढलपी उडाली. सगळे जागच्या जागी थांबले. मी पंप मारला, ढलपी ओल्या फडक्यात उचलली, पिशवीत घातली, पिशवी दुसऱ्या पिशवीत. अण्णा फळीवरच बसला. मास्कवरून त्याचे फक्त डोळे दिसत होते.

"घातले तवा एका दिसात घातले," तो म्हणाला. "पाडव्याच्या आधी घर झाकायचं म्हनून. काढायला तीन दिस लागायलेत."

तिसऱ्या दिवशी गल्ली जमली. पत्रा म्हणजे आमच्याकडं टाकायची वस्तू नव्हे. पलीकडच्या आक्काला खुराड्यासाठी दोन हवे होते. एकाला न्हाणीला आडोसा, एकाला कडब्यावर घालायला. मी हात जोडून खरं सांगितलं: यानं छाती जाते, वैनीची गेली.

आक्का फिसकन हसली. "तुझं खरं म्हंजे पौर्णिमेला अमावस्या! गुमान दोन दे की रे मुडद्या."

कुणीच ऐकेना. तीस वर्षं मी पेरलं होतं ते सगळं एकदम उगवलं. तेव्हा मी आवाज उतरवला आणि म्हणालो, "आक्का, खरं सांगू का? ह्या पत्र्याखाली एकीनं जाताना शाप दिलाय. जो पत्रा न्हेईल त्याच्या घरात तीन सणांत तिरडी. म्हनून तर गुंडाळून गावाबाहेर न्यायलाव."

आक्का दोन पावलं मागं सरली. गल्ली पाच मिनिटांत रिकामी. शाप मी त्याच वेळी रचला होता. गाडी निघाली तेव्हा तिच्याकडं बघताना माझ्या लक्षात आलं, की यातलं फार काही कापण्यासारखं नाही.

त्यानंतर वासे, भिंती, खिडक्या ओल्या फडक्यांनी पुसल्या. फडकी, अंगरखे, मास्क, सगळं पिशवीत. आम्ही कट्ट्यावरच आंघोळी केल्या. नवे लोखंडी पत्रे चढले, निळे. वैनी परत आली. तीन पायऱ्या चढायला तिला बराच वेळ लागला. तिनं अण्णाच्या कोऱ्या ओठाकडं बघितलं. वर बघितलं. "उन्हाळ्यात तापंल," म्हणाली. मग उंबऱ्यावर, तिच्या जागेवर बसली आणि अण्णा चहा ठेवायला आत गेला तेव्हा हळूच म्हणाली, "भावजी, डबा कुठं हाय?"

"कंचा डबा?"

"तुपाचा."

फडताळावर प्लास्टिक घातलं होतं. डबा आत होता तसाच होता. मी तो पत्र्यांबरोबर गाडीत घातला नव्हता, कारण घालताना पुतणीला सांगावं लागलं असतं.

"लेकीनं इचारलं तवा तुमी न्हाई म्हनलाव."

"वैनी, सांगितलं तर ती येनार न्हाई."

"व्हय."

"फरशीचे सगळे सांधे त्या भुकटीनं भरलेत. अंगणात बारा वर्षांची झाडलेली पडलीय. ते निपटायला किती महिने लागतील कोण जाणे. तिला आता आठवा संपायलाय."

"व्हय की."

"मग तुमचं..."

ती फरशीच्या सांध्यावर बोट ठेवून होती. फिरवत नव्हती, नुसतं ठेवलं होतं. तीन-चार वेळा दम घेतला. "बाळ रांगनार कुठं, भावजी? हितंच की." मग पदर सावरून म्हणाली, "जल्मात एकडाव कमी-जास्त न करता सांगा. फोन लावा."

मी फोन लावला. पाडवा, आरीखालचा ढीग, नवाबाचा वाडा, धोतराचं फडकं, बारा वर्षं. सगळं दोन मिनिटांत संपलं. माझी एवढी छोटी गोष्ट कुणी कधी ऐकली नसेल. मग पुतणी म्हणाली, "काका, खरं सांगताय ना?"

तिच्या आईनं विचारलं होतं अगदी तसंच. या खेपेला मी जिभेची शपथ घेतली नाही.

"आईला द्या."

वैनीनं फोन कानाला लावला. पुतणीचा आवाज मला तुटक ऐकू येत होता: डबा उघडायचा न्हाई, ओल्या फडक्यात, दोन पिशव्या, सांधे कोरायचे न्हाईत, भिजवून वरून सिमेंटनं बंद करायचे, अंगणाचं बघायला माणूस पाठवते. मग, "आई, मी येत न्हाई. रागावू नको."

"येऊ नको म्हनूनच सांगायला लावलं," वैनी म्हणाली. "डिंकाचे लाडू धाडते. ऊन दुधासंगं खा."

आत अण्णाच्या हातातली कपबशी वाजली. त्यानं सगळं ऐकलं होतं. बाहेर आला, चहा वैनीपुढं ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "ढीग माझाच व्हता," आणि सिमेंट आणायला गेला.

पुण्यात मुलगी झाली. वैनीनं तिला फोनवर बघितलं; फोन धरून बसलं की तिला दम लागतो, म्हणून अण्णा हात लांब करून धरतो. पुण्याच्या प्रवासाला डॉक्टर नाही म्हणाले. दुपटी कुरिअरनं गेली. अंगण खरवडून न काढता भिजवून त्यावर नवा थर घातलाय. तपासायला आलेला माणूस, बाळ आणायला अजून थोडे दिवस थांबा, म्हणाला. वैनी दर सोमवारी विचारते की थोडे म्हणजे किती, आणि मी खरं तेच सांगतो: माहीत नाही.

आता सकाळी मीच सडा घालतो, ओला, भरपूर पाण्यानं. रांगोळी घालत नाही. दुकानातली आणू का म्हणून विचारलं होतं, वैनी नको म्हणाली. तिला वाकवत नाही आणि माझ्या हातची तिला बघवणार नाही. आम्ही सुतक मानणारी माणसं नव्हे. पण रांगोळी नसलेला उंबरा बघून गल्ली मात्र मानते. परवा शेणाची पाटी डोक्यावर घेऊन आक्का चालली होती. कोरी फरशी बघून थांबली, पाटी सावरली आणि आवाज बारीक करून मला म्हणाली, "कामून रे? कोन गेलं का घरात?"

मी तोंड उघडलं. बोलायला हजार गोष्टी होत्या.

आतून, निळ्या पत्र्याखालून, दम घेत घेत वैनीच म्हणाली, "अजून न्हाई, आक्का."